पांढरे दिसते ते सगळे बुरशी नव्हे : शोभिवंत माशांचे संसर्ग ओळखून औषध देण्याची रीत

घरच्या टाकीतला मासा आजारी पडला, की मुंबईत बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. मोबाइलवर फोटो काढायचा, तो क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातल्या किंवा नाक्यावरच्या दुकानात दाखवायचा आणि दुकानदाराने हातावर ठेवलेली निळी, पिवळी किंवा हिरवी बाटली घरी येऊन टाकीत ओतायची. मासा जगला तर औषधाला गुण आला म्हणायचे, मेला तर मासाच नाजूक होता असे समजून गप्प बसायचे. रोग कोणत्या जीवामुळे झाला आहे हे ठरवण्याची पायरी या क्रमात कुठेच नसते. माशांना संसर्ग करणारे जीव ढोबळ मानाने चार गटांतले असतात : परजीवी, जीवाणू, बुरशी व बुरशीसारखे जीव, आणि विषाणू. यांतल्या एका गटावर चालणारे औषध दुसऱ्यावर सहसा चालत नाही, आणि माशांच्या विषाणूंवर तर हौशी माणसाच्या हाती कोणतेच औषध नाही.

ही पायरी मी स्वतः गाळली होती, त्याची किंमतही मोजली आहे. मे महिन्यात माझ्या दोन फुटी टाकीतल्या एका मॉलीच्या ओठांवर पांढुरकी कड आली. दुकानात ती बुरशी ठरली, निळी बाटली मिळाली आणि हीटरने पाणी एकतीस अंशांवर न्यावे असा सल्लाही मिळाला. दोन दिवसांत सातपैकी चार मॉली गेल्या. ती बुरशी नव्हती, कॉलमनॅरिस नावाचा जीवाणूजन्य रोग होता. हा जीवाणू उबदार पाण्यात अधिक जोमाने वाढतो, म्हणजे मी चार दमड्यांचे औषध घालून रोगालाच ऊब देत होतो. पुढची सगळी माहिती त्या चार मॉलींच्या हिशेबात धरावी.

आधी पाणी, मग मासा

औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : सगळे मासे एकाच दिवशी आजारी पडले, की एकापासून सुरुवात होऊन आजार पसरत गेला? सगळे एकदम पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करत असतील, तर दोष बहुधा पाण्यात असतो. संसर्ग सहसा एकदोन माशांपासून सुरू होतो आणि काही दिवसांत इतरांपर्यंत पोहोचतो.

मुंबईला पाणी भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून व त्यांच्या जोडीच्या जलाशयांतून येते आणि शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन घालून सोडले जाते. हे पाणी मृदू असते, त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. टेट्रा आणि एंजलसारख्या माशांना ते मानवते. मात्र आम्लता तोलून धरण्याची ताकद अशा पाण्यात कमी असते आणि बरेच दिवस पाणी न बदललेल्या टाकीत पीएच हळूहळू घसरत जातो. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी याच्या उलट, बऱ्याचदा जड असते. आपल्या इमारतीत नेमके कोणते पाणी येते हे माहीत असणे औषधाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, ते पुढे येईलच.

क्लोरीनसाठी दुकानात ‘हायपो’ या नावाने सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम हायपो विरघळवला, तर लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंतचे क्लोरीन निष्प्रभ होते. सोसायटीची गच्चीवरची टाकी धुतली जाते त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मात्र माशांचे पाणी बदलूच नये. वर्षातून दोनदा येणारी ती नोटीस लिफ्टमध्ये सगळेच वाचतात आणि माशांच्या बाबतीत विसरतात.

अमोनिया आणि नायट्राइट यांची तपासणी घरच्या थेंबांच्या किटने करता येते. दोन्हींचे प्रमाण शून्य असले पाहिजे. तसे नसेल तर पहिला उपचार म्हणजे चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदलणे, खाणे बंद ठेवणे आणि हवेचा दगड जोरात चालू ठेवणे. पीएच फार घसरलेल्या टाकीत मात्र एकदम अर्धे पाणी बदलू नये, कारण आम्लधर्मी पाण्यात निरुपद्रवी रूपात असलेला अमोनिया पीएच वर जाताच विषारी रूपात येतो. थोडे थोडे करून चारपाच दिवसांत बदलावे.

टाकीत खरोखर किती पाणी आहे

औषधाची मात्रा लिटरवर ठरते आणि नेमकी तिथेच मोठी चूक होते. दोन फुटी टाकी म्हणजे साठ लिटर, असे दुकानात सर्रास सांगतात. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशी टाकी काठोकाठ भरली तरी ५४ लिटरच होते. पाणी पंचवीस सेंटिमीटरपर्यंत भरलेले असेल तर ४५ लिटर होते, आणि तळाची वाळू व दगड वजा केले की जेमतेम ४० लिटर उरते. साठ लिटरच्या हिशेबाने घातलेले औषध या टाकीत दीडपट होते. मॅलॅकाइट ग्रीनसारख्या औषधात रोग बरा करणारी आणि मासा मारणारी मात्रा यांत अंतर थोडे असते, तिथे दीडपट म्हणजे प्राणाशीच गाठ. म्हणून बादलीने मोजून एकदाच टाकी भरावी, आकडा काचेच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवावा.

एक ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा जवळ असावा, तसाच सुई नसलेला दहा मिलिलिटरचा सिरिंजही. अगदी थोडी पूड मोजण्याऐवजी द्रावण करून ठेवणे सोपे पडते. एक ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात विरघळवली, की त्या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असते, मग चाळीस लिटरच्या टाकीत लिटरमागे दोन मिलिग्रॅम हवे असतील तर ८० मिलिलिटर द्रावण ओतायचे, एवढाच हिशेब राहतो.

उपचार शक्यतो मुख्य टाकीत करू नयेत. वीस-पंचवीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, स्पंज फिल्टर, छोटा हीटर आणि लपायला एखादा पाइपचा तुकडा एवढे सामान पुरते. त्यात वाळू नको, झाडेही नकोत. वाळू औषध शोषते, बऱ्याच औषधांनी झाडे मरतात, आणि मिथिलीन ब्लू तर टाकीच्या सिलिकॉनला कायमचा निळा रंग देऊन जाते. औषध चालू असताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तो औषध ओढून घेतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तेवढा या नियमाला अपवाद आहे, त्यात संपूर्ण टाकीलाच उपचार द्यावा लागतो.

पांढऱ्याचे प्रकार

टॉर्च घेऊन, टाकीचा दिवा बंद करून, मासा तिरक्या उजेडात नीट बघावा. साखरेच्या किंवा रव्याच्या दाण्याएवढे, एकमेकांपासून सुटे, मोजता येतील असे पांढरे ठिपके कल्ल्यांवर आणि अंगावर असतील, मासा दगडाला अंग घासत असेल, तर तो ‘इक’ म्हणजे इक्थिऑफ्थिरिअस हा परजीवी. नर गोल्डफिश मात्र वगळावा : प्रजननाच्या काळात त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काट्यावर ओळीने पांढरे कण येतात. तो रोग नव्हे, तारुण्य आहे. ठणठणीत नरांना यापायी औषधात बुडवलेले मी पाहिले आहे.

इकवर उपचार करताना त्याचे जीवनचक्र समजून घेणे भाग आहे. माशाच्या अंगावर दिसणारा ठिपका त्वचेच्या आत असतो, तिथे पाण्यातले औषध पोहोचत नाही. हा परजीवी मोठा होऊन गळून पडतो, तळाशी कवच करून विभागला जातो, आणि त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडून पोहत नवा मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध मारते ते याच पोहणाऱ्या अवस्थेला. म्हणूनच तिसऱ्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले म्हणून औषध थांबवले, तर आठवड्याने दुप्पट ठिपके घेऊन रोग परततो. पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते, थंड पाण्यात ते कितीतरी लांबते.

म्हणून पाणी तासाला एका अंशाहून जलद न चढवता तीस अंशांवर न्यावे, हवा वाढवावी आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही चारपाच दिवस तसेच ठेवावे. एकूण उपचार दहा ते चौदा दिवसांचा धरावा. तीस अंशांवर इकची वाढ बहुधा खुंटते. जोडीला खडे मीठ लिटरमागे दोन ते तीन ग्रॅम घालावे. चाळीस लिटरला १२० ग्रॅम मीठ एकदम न ओतता वेगळ्या पाण्यात विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांनी द्यावे. कोरिडोरास, लोच आणि लहान टेट्रा यांना एक ग्रॅमपुढे नेऊ नये. मीठ हवेत उडून जात नाही, पाणी बदलले तरच कमी होते, त्यामुळे आटलेल्या पाण्याची भर घालताना पुन्हा मीठ घालू नये. रोज तळाची घाण नळीने ओढून काढली तर कवचातले परजीवीही बाहेर जातात, आणि हा उपाय बाटलीइतकाच गुणकारी आहे.

एवढ्याने भागले नाही तर मॅलॅकाइट ग्रीन असलेले तयार औषध लिटरमागे ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम या हिशेबाने द्यावे, खवले नसलेल्या माशांना आणि टेट्रांना अर्ध्या मात्रेने. हे रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय असून खाण्याच्या माशांवर त्याच्या वापराला अनेक देशांत बंदी आहे, म्हणून हातमोजे घालावेत आणि घरातल्या गरोदर बाईने त्याला हात लावू नये. फॉर्मॅलिनही इकवर चालते, पण ते पाण्यातला प्राणवायू कमी करते, बाटलीच्या तळाशी पांढरा साका आला असेल तर माशांसाठी अत्यंत विषारी ठरते, आणि त्याचा वास दोन खोल्यांच्या घरात माणसांनाही सोसत नाही. घरगुती टाकीत ते मी वापरत नाही, कोणी वापरावे असे सांगतही नाही.

इकचा हंगाम मुंबईत डिसेंबर-जानेवारी आणि पावसाळ्याची सुरुवात हा असतो, कारण त्या काळात रात्रीत पाण्याचे तापमान झपाट्याने उतरते. मे महिन्यात हीटरशिवायच पाणी तीस अंशांवर असते. तेव्हा अंगावर काही पांढरे दिसले तर इकऐवजी दुसऱ्या रोगाची शंका आधी घ्यावी.

तो दुसरा रोग म्हणजे कॉलमनॅरिस. फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलमनॅरे या जीवाणूमुळे तो होतो. ओठांच्या कडेला किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरलेला, पिवळसर किंवा राखाडी झाक असलेला पांढरा पट्टा हे त्याचे चिन्ह. हा पट्टा अंगाला चिकटलेला, सपाट असतो. त्याच्या कडेला कधी लालसर रेषा दिसते. तीव्र असेल तर तो एकदोन दिवसांत मासा नेतो. खरी बुरशी म्हणून जिला आपण ओळखतो ती सॅप्रोलेग्निया मात्र कापसाच्या बोळ्यासारखी अंगातून उभी राहते, पाण्याच्या प्रवाहाबरोबर तिचे धागे हलताना दिसतात आणि ती बहुतेक वेळा आधीच झालेल्या जखमेवर किंवा मेलेल्या अंड्यांवर येते. शास्त्रज्ञ सॅप्रोलेग्नियाला बुरशीच्या गटात धरत नाहीत, पण आपल्या कामापुरते ते ठीक आहे.

हा फरक का पाहायचा, तर इकमध्ये ऊब देणे हा उपचार आहे, आणि कॉलमनॅरिसमध्ये तीच ऊब घातक ठरते. कॉलमनॅरिसची शंका असल्यास हीटर बंद करावा आणि पाणी शक्यतो २४-२५ अंशांपर्यंत हळूहळू उतरवावे. मुंबईच्या उन्हाळ्यात हे अवघड असते. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोनतीन अंश उतरतात, दमट दिवसांत त्याहून कमी. घट्ट झाकणाच्या बाटलीत गोठवलेले पाणी तरंगत ठेवता येते, मात्र अर्ध्या तासात चार अंश उतरतील असा उत्साह दाखवू नये. लिटरमागे एक ते तीन ग्रॅम मीठ इथेही उपयोगी पडते. रोग नुसता वरच्या त्वचेवर असेल, तर अनुभवी माणसाने पोटॅशियम परमँगनेट लिटरमागे दोन मिलिग्रॅम या मात्रेने वेगळ्या टबात वापरावे. पाणी गुलाबीचे तपकिरी झाले की त्याचा जोर संपला. मासे अस्वस्थ झाले तर लगेच स्वच्छ पाण्यात हलवावेत. परमँगनेट आणि फॉर्मॅलिन एकत्र कधीही आणू नयेत, त्यांची धोकादायक अभिक्रिया होते. रोग आत शिरला असेल, म्हणजे मासा खाईनासा झाला, कल्ले फिकट किंवा पांढरट पडले, तर प्रतिजैविकाचाच विचार करावा लागतो.

सॅप्रोलेग्नियावर मिथिलीन ब्लू लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम पुरते. एक टक्का द्रावणाची बाटली असेल तर चाळीस लिटरला आठ मिलिलिटर घातले की लिटरमागे दोन मिलिग्रॅम होतात. फिल्टरमधल्या उपयुक्त जीवाणूंना ते मारक असल्याने उपचाराच्या टबातच वापरावे.

अंगावर सोनेरी, गंजासारखी बारीक धूळ दिसली आणि मासा पर मिटून एका कोपऱ्यात थरथरत राहिला, तर तो ‘मखमली रोग’, पिसिनूडिनिअम या परजीवीचा. या जीवात हरितद्रव्य असते, म्हणून टाकी कापडाने झाकून अंधारात ठेवणे, मीठ आणि ऊब हे पहिले उपाय. तांब्याचे औषध त्यावर चालते खरे, पण आपल्या मृदू पाण्यात तांबे फार विषारी ठरते. जड पाण्यासाठी लिहिलेली मात्रा तलावाच्या पाण्यात घातली तर रोगाआधी मासा जाईल. परांच्या कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे फोड आले असतील तर तो लिम्फोसिस्टिस हा विषाणू. त्यावर औषध नाही, बहुधा तो काही आठवड्यांनी आपणहून ओसरतो.

प्रतिजैविक कधी, कोणते आणि कसे

पर झपाट्याने झडत जाणे, अंगावर खोल व्रण पडणे, पोट फुगून खवले अननसासारखे उभे राहणे, डोळे बाहेर येणे, अंगावर रक्ताच्या रेघा उमटणे ही जीवाणूजन्य रोगाची चिन्हे असू शकतात. यांतले बहुतेक जीवाणू एरोमोनास आणि स्यूडोमोनास यांसारखे, ग्रॅम-ऋण गटातले असतात (ग्रॅम-ऋण आणि ग्रॅम-धन हे जीवाणूंचे दोन मोठे गट). घरातल्या औषधांच्या डब्यातली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल टाकीत फोडण्याचा मोह इथे आवरावा, कारण एरोमोनासच्या बहुतेक प्रकारांत त्या कुळातल्या औषधांना उपजतच प्रतिरोध असतो. एरिथ्रोमायसिन प्रामुख्याने ग्रॅम-धन जीवाणूंवर चालते. स्ट्रेप्टोकोकसने आजारी मासा गोल गोल फिरत पोहतो, तिथे त्याचा उपयोग होऊ शकतो, साध्या पर-झडीत नाही.

भारतात प्रतिजैविके अनुसूची ‘एच’ किंवा ‘एच-१’ मधली औषधे आहेत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नसतात. ही अट मला जाचक वाटत नाही. जोपासनेत आणि प्रवासाच्या पाण्यातही प्रतिजैविके वापरली गेल्याने शोभिवंत माशांवरचे जीवाणू त्यांना सरावलेले असतात, त्यामुळे व्रणातला नमुना घेऊन कोणते औषध लागू पडते याची चाचणी करता आली तर अंदाजाने केलेल्या तीन उपचारांपेक्षा ती स्वस्त पडते. वर्सोव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे आणि परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नमुना स्वीकारला जाईल का, हे आधी चौकशी करून मगच निघावे. तपासणीसाठी मेलेल्या माशापेक्षा मरणासन्न जिवंत मासा, त्याच टाकीच्या पाण्यात, उपयोगी पडतो. मुंबईच्या उष्म्यात मेलेला मासा तासा-दोन तासांत कुजू लागतो; तो न्यायचाच असेल तर पिशवीत घालून बर्फात ठेवावा, फ्रीझरमध्ये गोठवू नये.

गोड्या पाण्यातला मासा पाणी फार थोडे पितो, त्यामुळे पाण्यात घातलेले बरेचसे प्रतिजैविक त्याच्या शरीरात पुरेसे जातच नाही, आणि दरम्यान फिल्टरमधले उपयुक्त जीवाणू मरून अमोनिया वाढतो. म्हणून मासा खात असेपर्यंत औषध खाण्यातून देणे श्रेयस्कर. पशुवैद्याने ऑक्सिटेट्रासायक्लिन दिवसाला शरीराच्या किलोमागे ७५ मिलिग्रॅम, दहा दिवस, असे लिहून दिले आहे असे समजू. मासा रोज वजनाच्या एक टक्का खात असेल, तर एक किलो वजनामागे दहा ग्रॅम खाद्य जाते. त्या दहा ग्रॅममध्ये ७५ मिलिग्रॅम औषध हवे, म्हणजे शंभर ग्रॅम खाद्यात ७५० मिलिग्रॅम, २५० च्या तीन कॅप्सूल. दोन टक्के खात असेल तर त्याच्या निम्मे. पूड थोड्याशा तेलात घोटून दाण्यांवर चोळावी आणि वर जिलेटिनचे पातळ पाणी फिरवून सावलीत वाळवावे, म्हणजे औषध पाण्यात धुऊन जात नाही. दूध, शिंपल्यांची पूड असे कॅल्शियमचे पदार्थ या खाद्यात मिसळू नयेत. ते टेट्रासायक्लिनला बांधून ठेवतात. याच कारणाने टाकीत घातलेले टेट्रासायक्लिन जड पाण्यात निष्प्रभ होते. तलावाच्या मृदू पाण्यात त्याचा जोर टिकतो, बोअरवेलच्या पाण्यात तीच मात्रा फुकट जाते, हे पशुवैद्याला आपले पाणी कोणते ते सांगितले तरच त्याला कळेल. हे औषध उजेडातही नासते.

माशाने खाणे सोडले असेल तर पाण्यातून शरीरात शोषले जाणारे, कॅनामायसिनसारखे औषध पशुवैद्य सुचवू शकतो. जेंटामायसिनचा हट्ट धरू नये, ते माशांच्या मूत्रपिंडाला इजा करते. नायट्रोफ्युरॅन गटातली पिवळी पूड बाजारात सहज मिळते आणि बाहेरच्या संसर्गांवर ती लागूही पडते, पण खाद्यमाशांच्या बाबतीत तिच्यावर बंदी आहे आणि माणसासाठी ती निर्धोक नाही. ती वापरायचीच असेल तर हातमोजे आणि नाकावर मास्क बांधूनच हाताळावी.

एका वेळी एकच औषध द्यावे आणि ठरलेले दिवस पूर्ण करावेत. उपचाराच्या टबात अमोनिया रोज तपासावा आणि पाणी बदलले तर जेवढे पाणी बदलले तेवढ्याच पाण्यापुरते औषध पुन्हा घालावे. खवले पूर्ण उभे राहिलेला मासा मात्र क्वचितच वाचतो, कारण तोवर मूत्रपिंड निकामी झालेले असते. त्या टप्प्यावर त्याच्यावर प्रतिजैविकांचा मारा करण्यापेक्षा बाकीच्यांचे पाणी सुधारणे शहाणपणाचे.

काही ठळक अपवाद

ऑस्कर, डिस्कस किंवा फ्लॉवरहॉर्न पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकत असेल आणि त्याच्या डोक्यावर खड्डे पडू लागले असतील तर आतड्यातल्या कशाभधारी, म्हणजे चाबकासारख्या तंतूंनी पोहणाऱ्या परजीवीची, स्पायरोन्यूक्लियसची, शक्यता असते. त्यावर मेट्रोनिडॅझोल चालते, पाण्यात लिटरमागे पाच ते सात मिलिग्रॅम किंवा खाद्यातून; हेही चिठ्ठीवरचेच औषध. मासा एकच कल्ला उघडून जोरजोरात श्वास घेत असेल, पण अंगावर ठिपके नसतील, तर कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींची शंका घ्यावी आणि प्राझिक्वांटेल लिटरमागे दोन ते पाच मिलिग्रॅम द्यावे. त्यांतल्या अंडी घालणाऱ्या जातींच्या अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून आठवड्याने दुसरी मात्रा लागते. निऑन टेट्राच्या लाल-निळ्या पट्ट्याचा रंग तुकड्या-तुकड्याने उडत गेला तर तो प्लेइस्टोफोरा हा परजीवी. त्यावर उपचार नाही, मासा वेगळा काढावा. कोई माशांमधला हर्पीस विषाणूही असाच, त्यावर प्रतिजैविक घालणे म्हणजे पैसे पाण्यात ओतणे, अगदी शब्दशः.

नवा मासा आणल्यावर त्याला दोन ते चार आठवडे वेगळे ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपचार आहे, आणि नेमका तोच कुणी करत नाही. मुंबईच्या दुकानांत येणारे बरेच मासे कोलकाता आणि चेन्नईच्या परिसरातल्या जोपासना केंद्रांतून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून प्रवास करत आलेले असतात. त्या थकव्यात लपलेला रोग आठवड्याभरात वर येतो. दुकानातले पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये, मासा जाळीने काढून घ्यावा. वेगळ्या टबाची जाळी, नळी आणि बादलीही वेगळी असावी.

शेवटचा मुद्दा माशांबद्दल नसून आपल्या हातांबद्दल आहे. मासा खात असूनही आठवड्यागणिक वाळत चालला, पाठीचा कणा वाकला, रंग फिका पडला, तर मायकोबॅक्टेरिअमची शक्यता असते. क्षयाच्या जीवाणूचा हा नातलग माशांमध्ये बरा करण्याचा प्रयत्नच करू नये. असे मासे काढून टाकून टाकी रिकामी करावी. साध्या ब्लीचने तो नीट मरत नाही, सत्तर टक्के अल्कोहोल अधिक परिणामकारक असते. यातली एक जात, मायकोबॅक्टेरिअम मरिनम, हातावरच्या चिरेतून माणसात शिरते आणि काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी गाठ येते, कधीकधी ती हातावर वरवर सरकत जाते. साध्या मलमाने ती बरी होत नाही, कित्येक महिन्यांचा उपचार लागतो, आणि घरात माशांची टाकी आहे हे त्वचारोगतज्ज्ञाला आपणहून सांगितले नाही तर निदान लांबत जाते. हाताला चीर असेल तर टाकीत हात घालू नये किंवा कोपरापर्यंतचा हातमोजा घालावा. पाणी काढायची नळी तोंडाने ओढायची सवय असलेल्यांनी ती आजपासून सोडावी, साधा हातपंप त्यासाठी पुरेसा आहे.

औषध घातलेले पाणी फेकण्याआधी फिल्टरमध्ये ताजा कोळसा घालून ते एक-दोन दिवस फिरवावे आणि मग संडासात ओतावे. गटारातून थेट खाडीकडे जाणाऱ्या पावसाळी नाल्यात किंवा तलावात नाही. जिवंत मासे, बरे झालेले असोत वा नसोत, पवईच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही तलावात सोडू नयेत. ‘सकर’ म्हणून विकला जाणारा मासा भारतातल्या अनेक जलाशयांत असाच पोहोचला आहे. मेलेला मासा कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकावा किंवा कुंडीत हातभर खोल पुरावा, आणि जाळी वापरून झाली की परमँगनेटच्या गडद पाण्यात अर्धा तास बुडवून, स्वच्छ धुऊन उन्हात वाळत घालावी.